केशनलिकेत पाणी किती चढते, हे घरी नेमके कसे मोजावे

काचेची बारीक नळी पाण्यात उभी धरली की नळीतले पाणी बाहेरच्या पातळीच्या वर चढून थांबते, हे केशाकर्षण शाळेच्या पुस्तकामुळे बहुतेकांच्या ओळखीचे असते. मात्र ते नेमके किती चढायला हवे याचा हिशोब आधी कागदावर मांडून मग फूटपट्टीने पडताळून पाहण्याच्या भानगडीत फार थोडे जण पडतात. कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे काम चल सूक्ष्मदर्शी, म्हणजे मोजपट्टीवर सरकणारा सूक्ष्मदर्शक लावून करतात. घरी तसे उपकरण नसले तरी काळजीपूर्वक काम केल्यास पाचेक टक्क्यांच्या आतले उत्तर सहज मिळते. यात गणित अवघड नाही. अवघड आहे ती काचेची स्वच्छता, आणि बहुतेकांचे उत्तर तिथेच चुकते.

आधी कारण पाहू. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढतात आणि स्वच्छ काचेचा पृष्ठभागही त्यांना ओढतो. काचेची ओढ प्रबळ ठरल्यामुळे पाणी काचेवर पसरत वर सरकते आणि नळीतला त्याचा पृष्ठभाग मधोमध खोलगट, म्हणजे अंतर्वक्र होतो. असा वक्र पृष्ठभाग ताणलेला असल्यामुळे त्याच्या लगेच खालच्या पाण्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा किंचित कमी राहतो आणि हा फरक भरून निघेपर्यंत नळीत पाण्याचा स्तंभ चढत जातो. साधारण एक मिलिमीटर व्यासाच्या नळीत हा फरक सुमारे २८५ पास्कल, म्हणजे वातावरणीय दाबाचा साधारण साडेतीनशेवा भाग इतकाच असतो. हवाच पाण्याला वर ढकलते असे यावरून अनेकांना वाटते, परंतु ते खरे नव्हे. फ्रान्सिस हॉक्सबी या इंग्रज प्रयोगकर्त्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले होते की हवा काढून घेतलेल्या पात्रातही नळीत पाणी चढते, आणि नळीची काच जाड असो वा पातळ, उंचीत फरक पडत नाही.

उंचीचा नियम जेम्स जुरिन या इंग्रज वैद्याच्या नावाने ओळखला जातो; त्यांनी १७१८ च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. पाण्याला वर धरून ठेवणारे बल नळीच्या आतल्या परिघावर अवलंबून असते आणि खाली ओढणारे वजन आतल्या छेदाच्या क्षेत्रफळावर. त्रिज्या निम्मी केली तर परिघ निम्मा होतो, पण क्षेत्रफळ पाव होते. म्हणून पाणी दुप्पट उंच चढते. पूर्ण सूत्र शब्दांत असे: पृष्ठताणाची, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागातल्या ओढीची दुप्पट घ्यावी, तिला स्पर्शकोनाच्या, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग काचेला ज्या कोनात भिडतो त्याच्या कोसाइनने गुणावे आणि आलेल्या संख्येला त्रिज्या, द्रवाची घनता व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागावे. स्वच्छ काचेवर पाण्याचा स्पर्शकोन जवळजवळ शून्य असल्याने त्याचा कोसाइन १ धरता येतो. ३० अंश सेल्सिअसला पाण्याचा पृष्ठताण ०.०७१२ न्यूटन प्रति मीटर असतो. या सगळ्या किमती घातल्या की सोयीचा एक आकडा हाती येतो: १४.६ ला नळीच्या मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागले की पाणी किती मिलिमीटर चढेल ते कळते. अर्धा मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत २९ मिलिमीटर, पाव मिलिमीटरच्या नळीत ५८.

नळ्यांसाठी रक्ततपासणीच्या हिमॅटोक्रिट नळ्या सर्वांत सोयीच्या. त्या सर्जिकलच्या दुकानात किंवा प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्यांकडे डबीने मिळतात, साधारण ७५ मिलिमीटर लांब असतात आणि त्यांचे आतले छिद्र १.१ ते १.२ मिलिमीटर व्यासाचे असते. घेताना निळ्या पट्टीच्या, म्हणजे साध्या नळ्या घ्याव्यात. लाल पट्टीच्या नळ्यांना आतून हेपारिन हे रक्त न गोठू देणारे औषध लावलेले असते आणि ते पाण्यात उतरून मापन बिघडवते. नळ्या कोऱ्याच हव्यात, वापरलेल्या नळीला हातही लावू नये. याशिवाय इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, रुंद तोंडाचे काचेचे भांडे, स्टीलची मिलिमीटर फूटपट्टी, नळी उभी धरायला चिमटा किंवा स्टँड, एक टाचणी आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा एवढे साहित्य पुरते.

आता स्वच्छता. बोटाचा तेलकट ठसा, धुताना राहिलेला साबण किंवा स्वयंपाकघरातल्या फोडणीचा काचेवर बसलेला पातळ थर, यांपैकी काहीही मापन बिघडवायला पुरेसे आहे. तेलामुळे स्पर्शकोन वाढतो, तर साबणामुळे पाण्याचा पृष्ठताणच निम्म्याहून खाली येऊ शकतो. दोन्ही बाबतींत पाणी कमी चढते, त्यामुळे उत्तर कमी आले म्हणजे दोष नेमका कशाचा हे नुसत्या आकड्यावरून ओळखता येत नाही. नळ्या व भांडे भांड्यांच्या साबणाने धुवावे, मग नळाच्या पाण्याने पुष्कळ वेळा खळखळून काढावे आणि शेवटी दोन-तीनदा डिस्टिल्ड वॉटरने विसळावे. नळीच्या आतून पाणी जोराने काढायला सुई काढलेली सिरिंज आणि तिच्या तोंडाला बसवलेला बारीक रबरी नळीचा तुकडा उपयोगी पडतो. महाविद्यालयांत पूर्वी यासाठी क्रोमिक आम्ल वापरत. घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. धुतलेल्या नळ्या टोकाशीच धराव्यात आणि काच खरोखर स्वच्छ झाली का हे भांड्याच्या भिंतीवर पाहावे: पाणी ओतून टाकल्यावर भिंतीवर अखंड ओला थर राहिला तर काम झाले, आणि थर फाटून थेंब-थेंब झाले तर पुन्हा धुवायला घ्यावे.

यानंतर छिद्राची त्रिज्या. फूटपट्टी लावून एक मिलिमीटरच्या छिद्राचा व्यास मोजणे म्हणजे निव्वळ अंदाज, आणि त्रिज्येतली दहा टक्क्यांची चूक उत्तरातही दहा टक्क्यांचीच चूक होऊन उतरते. येथे केशाकर्षणच मदतीला येते. कोरडी नळी जवळजवळ आडवी धरून तिचे टोक पाण्याला टेकवले की ती आपोआप पूर्ण भरते. अशा एकाच नळीतले पाणी जेमतेम ७० मिलिग्रॅम भरते, जे छोट्या काट्याला नीट तोलता येत नाही. म्हणून दहा कोरड्या नळ्यांचे वजन आधी एकत्र करावे, मग त्या भरून, बाहेरून टिपकागदाने पुसून, बाष्पीभवन होण्याआधी लगेच पुन्हा एकत्र वजन करावे. पुसताना टिपकागद नळीच्या तोंडाला लागू देऊ नये, कारण कागदातली छिद्रे नळीपेक्षाही बारीक असल्यामुळे तो पाणी ओढून घेतो. समजा, दहा नळ्यांतले पाणी ०.७१ ग्रॅम भरले आणि नळ्यांची एकूण लांबी ७५० मिलिमीटर आहे. ०.७१ ग्रॅम पाण्याचे आकारमान ७१० घन मिलिमीटर. त्याला ७५० ने भागल्यावर छेदाचे क्षेत्रफळ ०.९४७ चौरस मिलिमीटर येते, त्याला ३.१४१६ ने भागून वर्गमूळ काढल्यावर त्रिज्या ०.५५ मिलिमीटर मिळते. वर्गमूळ घ्यायचे असल्याने वजनातली चूक त्रिज्येत निम्मीच उतरते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. अर्थात ही दहा नळ्यांची सरासरी आहे; नळी-नळीत थोडा फरक असणारच, म्हणून पुढचे मोजमापही एकाच नळीवर न थांबता पाच-सहा नळ्यांवर करून सरासरी घ्यावी.

प्रत्यक्ष मापनासाठी भांडे काठोकाठच्या जरा खालपर्यंत भरावे. नळी भांड्याच्या मधोमध, ओळंब्यात उभी धरावी. काठाजवळ धरली तर काठाशी वर चढलेल्या पाण्यामुळे पातळी चुकीची वाटते. नळीच्या बाहेरच्या अंगालाही पाणी थोडे चढलेले असते, म्हणून बाहेरची पातळी नळीला लागून कधीही वाचू नये. त्यासाठी टाचणी वापरावी. ती नळीपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर, टोक खाली करून स्टँडला अशी लावावी की टोक पाण्याला जेमतेम टेकेल. पाण्यातले टाचणीचे प्रतिबिंब आणि टोक एकमेकांना भेटले की टोक पातळीवर आले असे समजावे.

आता या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी, जी घाईत हमखास गाळली जाते. नळी कोरडी घालून पाणी चढू दिले, तर ते आतल्या कोरड्या काचेवरच्या एखाद्या बारीकशा डागाशी अडकून अपेक्षित उंचीच्या खालीच थांबू शकते. त्याऐवजी नळी आधी पाण्यात बरीच खोल बुडवावी, म्हणजे आतली काच वरपर्यंत ओली होईल, आणि मग ती सावकाश वर उचलावी. नळीतले पाणी ओल्या काचेवरून खाली उतरत येऊन जिथे थांबते ती उंची खरी. चढते पाणी आणि उतरते पाणी यांच्या वाचनांत फार अंतर पडत असेल, तर नळी पुरेशी स्वच्छ नाही असे बेलाशक समजावे.

वाचन डोळ्याने घेण्यापेक्षा मोबाइलने छायाचित्र काढणे बरे. फूटपट्टी नळीच्या शेजारी, तिच्याच प्रतलात उभी ठेवावी, मोबाइल पाण्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या उंचीवर आडवा धरावा आणि जवळ जाण्याऐवजी एक-दोन हात लांब राहून झूम करावे, म्हणजे तिरक्या नजरेमुळे होणारी चूक कमी होते. टाचणीच्या टोकाचे वाचन वेगळ्या छायाचित्रात, मोबाइल तितका खाली आणून घ्यावे. नळीत खोलगट पृष्ठभागाचा सर्वांत खालचा बिंदू वाचायचा असतो. त्याच्या कडेने वर राहिलेल्या थोड्याशा पाण्याचे वजन हिशोबात यावे म्हणून वाचलेल्या उंचीत त्रिज्येचा एक तृतीयांश मिळवावा. वरच्या उदाहरणात उंची २६.४ मिलिमीटर वाचली असेल तर तीत ०.१८ मिळवून २६.५८ धरावी. तिला ०.५५ ने आणि मग ०.००४८७ ने (घनता व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराचे निम्मे, मिलिमीटरच्या हिशोबात) गुणले की पृष्ठताण ०.०७१२ न्यूटन प्रति मीटर येतो.

उत्तर कमी आले की तापमानाला दोष देण्याची पद्धत आहे, पण ते बहुधा निर्दोष असते. २० अंशांना पाण्याचा पृष्ठताण ०.०७२८ असतो, म्हणजे दहा अंशांच्या फरकाने उत्तर जेमतेम दोन टक्के हलते. पाच टक्क्यांहून अधिक घट दिसली तर संशय साबणावर किंवा तेलावर घ्यावा. पाण्यात शाई किंवा खायचा रंग घालून छायाचित्र सुबक करण्याचा मोहही मापनाच्या वेळी टाळावा, कारण शाईत पृष्ठताण कमी करणारे पदार्थ मिसळलेले असू शकतात. आणि थर्मामीटर फोडून पारा वापरण्याचा विचारसुद्धा करू नये. पारा काचेला ओलावत नाही, त्याचा स्पर्शकोन सुमारे १४० अंश असल्याने नळीत तो बाहेरच्या पातळीच्या खाली राहतो, हे खरे आहे. परंतु त्याची वाफ विषारी असते आणि हे पाहण्यासाठी पुस्तकातली आकृती पुरेशी आहे.

मापन जमले की त्याच नळीवर दोन गोष्टी आणखी पाहाव्यात. नळी तिरपी केली तर पाणी नळीत जास्त लांब सरकते, पण उभी उंची तीच राहते. दुसरी गोष्ट परीक्षेत नेहमी विचारतात: नळी पाण्याच्या वर अपेक्षित उंचीपेक्षा कमी ठेवली तर पाणी वरच्या तोंडातून कारंज्यासारखे वाहील का? नळी हळूहळू खाली दाबत जावे आणि तोंडाकडे भिंगातून पाहावे. पाणी तोंडाशी येऊन थांबते आणि नळी आणखी बुडवावी तसा त्याचा खोलगट पृष्ठभाग उथळ, आणखी उथळ होत जातो. दाबातला फरक वक्रतेवर अवलंबून असल्याने, जितकी उंची शिल्लक आहे तितकीच वक्रता पाणी राखते आणि एक थेंबही बाहेर पडत नाही.

१४.६ हा आकडा नळीबाहेरही उपयोगी आहे, मात्र जपून. जमिनीत मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे वाकड्यातिकड्या केशनलिकाच. त्यांतून ओल वर येते आणि उडून जाते. कोळपणीने वरचा थर भुसभुशीत झाला की त्या तुटतात, आणि काळ्या रानातल्या भेगाही बुजतात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे शेतकरी म्हणतात त्याचे एक कारण हे आहे. झाडांच्या बाबतीत मात्र हा आकडा अपुरा पडतो. जलवाहिनीची त्रिज्या ०.०२ मिलिमीटर धरली तर पाणी ७३० मिलिमीटर, म्हणजे कमरेएवढेही चढत नाही. नारळाच्या शेंड्यापर्यंत पाणी पोहोचते ते मुख्यत्वे पानांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्वासाच्या ओढीने आणि रेणूंच्या परस्पर ओढीमुळे अखंड राहणाऱ्या पाण्याच्या धाग्यामुळे. केवळ केशाकर्षणाने झाड पाणी वर चढवते हे विधान म्हणूनच अर्धवट आहे.

नळ्या मिळाल्याच नाहीत तर सूक्ष्मदर्शकाच्या ७५ बाय २५ मिलिमीटरच्या दोन काचपट्ट्या घ्याव्यात. वरच्या पद्धतीने धुऊन त्या समोरासमोर उभ्या धराव्यात, एका लांब कडेला त्या एकमेकींना भिडवाव्यात, दुसऱ्या लांब कडेला मध्ये आगपेटीची काडी घालावी आणि वरून रबर बँड लावावे. ही पाचर अर्धा सेंटिमीटर पाण्यात उभी केली की भिडलेल्या कडेशी पाणी उंच आणि काडीकडे बसके, असा डौलदार वक्र तयार होतो. ब्रूक टेलर या इंग्रज गणितज्ञांनी १७१२ मध्ये वर्णन केलेला अपास्त, म्हणजेच हायपरबोला, तो हाच. पट्ट्यांमध्ये उंचीचा हिशोब १४.६ ला मिलिमीटरमधल्या पूर्ण फटीने भागून करायचा, त्रिज्येने नव्हे. काडी २ मिलिमीटर जाड असेल तर तिच्याजवळ ७.३, फट १ मिलिमीटर असेल तिथे १४.६ आणि अर्धा मिलिमीटर असेल तिथे २९ मिलिमीटर उंची दिसायला हवी. वक्राचे छायाचित्र काढून त्यावरच्या पाच-सहा बिंदूंशी फट आणि उंची यांचा गुणाकार करून पाहावा. तो सगळीकडे साधारण सारखा आला तर पट्ट्या स्वच्छ आहेत, आणि एखाद्याच ठिकाणी तो अचानक घसरला तर त्या जागी बोट लागले आहे.