टायर चिरला: गेटर टाकू की नवा घेऊ?

पाम बीच रोडच्या कडेला काचा कायमच्या. पावसाळ्यात तर त्या ओल्या रबरात आणखी सहज घुसतात. नेरुळजवळ माझ्या सायकलचा मागचा टायर असाच चिरला. ट्यूबला पॅच लागला, तो विषय तिथेच संपला. प्रश्न टायरचा होता.

पंक्चरवाले काका म्हणाले, "गेटर टाकतो, बिनधास्त चालवा." गेटर म्हणजे चिरेच्या आतून लावायचा जुन्या टायरचा तुकडा. मी म्हटलं, आधी आतून बघू. टायर काढून आतून हात फिरवला (फडक्याने, काचेचा कण अजून तिथेच होता) आणि चीर वाकवून पाहिली. नुसतं वरचं रबर कापलं असतं तर तसाच चालवला असता. इथे आतले पांढरे धागे तुटलेले. हवेचा दाब पेलतात ते धागे, रबर नव्हे. ते तुटले की ट्यूब त्या फटीतून फुगा काढते आणि एक दिवस फटकन फुटते.

चीर मधोमध आणि छोटी होती, त्यामुळे गेटर चाललाही असता. पण साइडवॉलही (टायरची बाजूची भिंत) तडकलेली निघाली. ती दर फेरीला दबते, तिथे गेटर फार टिकत नाही. टायरच्या काठातली तार दिसली तर गेटरचा विचारही करू नका.

नवाच घेतला. टायरवर 37-622 असं छापलेलं असतं. त्यातला 622 हा व्यासाचा आकडा जुळलाच पाहिजे, 37 म्हणजे रुंदी, तिच्यात थोडं इकडेतिकडे चालतं. काकांनी जुना टायर ठेवून घेतला, गेटर कापायला.