मराठवाड्यातून परदेशी जायचंय? व्हिसाची फाइल अशी तयार करा

व्हिसा नाकारला गेला की बहुतेकांना वाटतं, खात्यात पैसे कमी पडले. पैसे हवेतच, पण तुमचा अर्ज तपासणारा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही आणि तुमचं गावही त्याने पाहिलेलं नाही. त्याला कागदांवरून चार गोष्टी समजून घ्यायच्या असतात: हा माणूस कोण, कशासाठी येतोय, खर्च कोण करतंय आणि परत जायला त्याच्याकडे काय कारण आहे. मराठवाड्यातल्या माणसाकडे या चारही प्रश्नांची भक्कम उत्तरं असतात. शेती असते, दुकान असतं, एमआयडीसीत शेड असतं, घरी माणसं असतात. अडचण इतकीच की ही उत्तरं सातबाऱ्यावर, मोंढ्यातल्या पट्टीवर, मराठीत आणि पुष्कळदा वडिलांच्या नावावर असतात. ती परक्या अधिकाऱ्याला वाचता येतील अशी मांडणं, हेच व्हिसाच्या तयारीतलं खरं काम.

आधी व्हिसा लागतो का ते बघा

नेपाळ आणि भूतानला भारतीयांना व्हिसा लागत नाही. मॉरिशसलाही पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. थायलंड आणि मलेशियाने अलीकडच्या वर्षांत भारतीयांना ठरावीक दिवसांची सूट दिली, पण अशा सवलतींना मुदत असते. तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम वाचा, गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर राहू नका. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो. ९० दिवसांपर्यंतच्या एकेरी प्रवेशाची सरकारी फी २५ डॉलर आहे. गुगलवर शोधलं की सरकारी वाटावीत अशी खासगी संकेतस्थळं सगळ्यात वर दिसतात आणि तीच फी दुप्पट-तिप्पट घेतात, म्हणून पत्ता नीट तपासा. दुबईचा ३० किंवा ६० दिवसांचा पर्यटन व्हिसा विमान कंपनी, हॉटेल किंवा ट्रॅव्हल एजन्सीमार्फत मिळतो.

युरोपातले शेंगेन देश (एकाच व्हिसावर फिरता येणारा देशांचा गट), ब्रिटन आणि अमेरिका इथे मात्र पूर्ण फाइल लागते. यापुढचं बरंचसं त्यांच्यासाठी आहे.

पासपोर्ट आणि नावाचा घोळ

पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रांमुळे हे काम आता मुंबईला न जाताही होतं. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. शेंगेनसाठी पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. इतर अनेक देश सहा महिन्यांची वैधता मागतात, त्यामुळे सहा महिने धरूनच चाला.

खरी गुंतागुंत नावाची असते. आधारवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त एक अक्षर. लग्न झालेल्या बाईंचं तर विचारूच नका: पासपोर्ट माहेरच्या नावाचा, सातबारा सासरच्या, बँकेत दोन्हींची मिसळ. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव अर्जात, तिकिटावर आणि विम्यावर टाका. बाकीच्या कागदांवर फरक असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र जोडा. वेळ असेल तर मूळ कागदच दुरुस्त करून घ्या. पुढे दहा ठिकाणी उपयोग होईल.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. २०२३ मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली. तुमच्या पासपोर्टवर जन्मस्थळ जुन्या नावाने छापलेलं असेल तर व्हिसाच्या अर्जातही तेच लिहा. राहण्याचा पत्ता आजच्या नावाने दिला तरी चालतो, फक्त सोबतच्या पत्रात एका ओळीत सांगा की ही दोन्ही नावं एकाच शहराची आहेत.

कुठे आणि कधी अर्ज करायचा

शेंगेन क्षेत्रात २९ देश आहेत आणि एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं. पण अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. ‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून तिकडे अर्ज करायचा आणि फिरायचं दुसरीकडे, हे करू नका. हॉटेलच्या तारखांवरून ते लगेच दिसतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी तो जायलाच हवा. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ पर्यंतही जातात. फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी, त्याहून लहानांना माफ. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी आरोग्य विमा सक्तीचा आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच कामाला लागा. सुट्ट्यांच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं फार अवघड होतं. अमेरिकेच्या इंटरव्ह्यूसाठी तर कधी कधी अनेक महिने थांबावं लागतं.

पैशाचे कागद: इथे घाई करू नका

नोकरदाराचं काम सोपं असतं: पगारपत्रकं, फॉर्म १६, रजेची मंजुरी, बँकेचं स्टेटमेंट. शेतकऱ्याचं आणि लहान व्यापाऱ्याचं मात्र नीट मांडावं लागतं.

समजा परभणीजवळच्या एका कापूस उत्पादकाला मुलीकडे जर्मनीला जायचंय. खात्यात वर्षभर पंधरा-वीस हजारांच्या आत-बाहेर रक्कम, आणि अर्जाच्या आधी तीन आठवड्यांत एकदम साडेचार लाख जमा. त्याच्या दृष्टीने यात काहीच विशेष नाही, कापूस विकला गेला. अधिकाऱ्याला मात्र हे ‘दाखवण्यापुरते उसने आणलेले पैसे’ वाटतात. उपाय साधा आहे. विक्रीची पट्टी जोडा, त्यावरची तारीख आणि रक्कम स्टेटमेंटमधल्या नोंदीशी जुळवून दाखवा, स्टेटमेंटवर त्या ओळीला खूण करा आणि पत्रात लिहा की आमच्याकडे वर्षाचं उत्पन्न हंगामात एकदम येतं. मागच्या दोन हंगामांच्या पट्ट्या असतील तर त्याही लावा, म्हणजे दर वर्षी असंच होतं हे दिसेल. ऊस घालणाऱ्यांनी कारखान्याच्या बिलाचं, दूध घालणाऱ्यांनी डेअरीच्या हिशोबाचं असंच करावं. म्हणूनच परदेशी जायचा विचार असेल तर निदान वर्षभर आधीपासून विक्रीचे पैसे रोखीने न घेता खात्यावर घ्या.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्यामुळे पुष्कळांनी आयकर रिटर्न कधी भरलेलंच नसतं. ते कायद्याने चुकीचं नसलं तरी फाइलमध्ये पोकळी राहते. रिटर्न भरून त्यात शेतीचं उत्पन्न दाखवता येतं. मात्र ते ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-१ चालत नाही, तेव्हा सीएकडून योग्य फॉर्म भरून घ्या. आणि एक कळकळीची सूचना: मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला कमी उत्पन्नाचा दाखला घरात असतो, तो नकळत फाइलला जोडला जातो. एका कागदावर वर्षाला लाखभर आणि दुसऱ्यावर बारा लाख असं दिसलं की अधिकारी कोणत्याच कागदावर विश्वास ठेवत नाही. जो आकडा खरा आहे तोच सगळीकडे हवा.

सातबारा आणि आठ-अ डिजिटल स्वाक्षरीचे घ्या. सातबाऱ्याची अशी प्रत ऑनलाइन १५ रुपयांत मिळते. जमीन वडिलांच्या किंवा सामायिक नावावर असेल तर लपवायचं काही कारण नाही. वडिलांचं संमतीपत्र, नातं दाखवणारा कागद आणि शेती प्रत्यक्षात तुम्ही कसता हे सांगणारी एक ओळ पुरते. बँक स्टेटमेंटवर शाखेचा शिक्का आणि सही घ्या. पासबुकाची झेरॉक्स त्याची जागा घेत नाही.

भाषांतर आणि पत्र

मराठी कागद तसाच लावला तर तो न लावल्यासारखाच. ब्रिटनचा नियम स्पष्ट आहे: इंग्रजी नसलेल्या कागदाचं पूर्ण भाषांतर हवं, आणि त्यावर ते अचूक असल्याची ग्वाही, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. हाच नमुना सगळीकडे वापरा. सातबाऱ्याचं भाषांतर करताना क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, तिथे कंसात एकरही लिहून घ्या. पीकपाहणीची नोंद वगळू नका. जमीन पडीक नाही, तिच्यावर पीक उभं आहे, हे तीच सांगते.

सोबतचं पत्र एका पानाचं असावं. मी कोण, काय करतो, कोणत्या तारखेला कुठे जाणार, कोणाकडे राहणार, खर्च किती आणि कोणाच्या खात्यातून, परत कधी येणार आणि इथे कोणतं काम माझी वाट बघतंय. ‘सोयाबीनची पेरणी जूनमध्ये असते, म्हणून मी २८ मे रोजी परत येत आहे’ हे वाक्य दहा विनवण्यांपेक्षा जास्त काम करतं. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला असेल तर तेही सरळ लिहा, लपवाल तर तेच अंगाशी येतं.

विमानाचं पक्कं तिकीट व्हिसाआधी काढू नका. रद्द करता येईल असं आरक्षण पुरतं. हॉटेलचंही तसंच.

कामासाठी जाणाऱ्यांसाठी

वाळूज-शेंद्र्यातले सुटे भाग बनवणारे, जालन्यातले बियाणे आणि स्टीलवाले, लातूरचे डाळ व्यापारी आता हॅनोव्हर, फ्रँकफर्ट, ग्वांगझौच्या प्रदर्शनांना जाऊ लागलेत, याचा मनापासून आनंद वाटतो. बिझनेस व्हिसात दोन पत्रं महत्त्वाची असतात: समोरच्या कंपनीचं किंवा प्रदर्शनाचं निमंत्रण आणि तुमच्या फर्मचं लेटरहेडवरचं पत्र. दोन्हींतल्या तारखा, कारण आणि खर्चाची जबाबदारी शब्दाला शब्द जुळली पाहिजे. सोबत उद्यम नोंदणी, जीएसटी रिटर्न, निर्यात करत असाल तर आयईसी (आयात-निर्यात कोड), फर्मचं आणि तुमचं असं वेगवेगळं स्टेटमेंट. चीनसाठी व्यापाराचा ‘एम’ आणि पर्यटनाचा ‘एल’ असे वेगळे प्रकार आहेत. ब्रिटनच्या साध्या व्हिजिटर व्हिसावर फिरणंही होतं आणि बैठकाही होतात. अमेरिकेचा बी-१ कामाच्या भेटींसाठी, बी-२ पर्यटनासाठी, बहुधा दोन्ही एकत्रच मिळतात. यांतल्या कशावरही तिकडे नोकरी करता येत नाही. ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, काम तिथे लावून देतो’ म्हणणारा एजंट तुमच्या पोराला संकटात लोटतोय. परदेशी नोकरीसाठी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद असलेला एजंटच बघा.

अर्ज स्वतःच्या ताब्यात ठेवा

एजंटची मदत घ्या, पण ईमेल आणि मोबाइल नंबर तुमचाच टाका. एजंटचा टाकला तर अर्जात काय लिहिलंय, नकार आला का, हे तुम्हाला कळतच नाही. सबमिट करण्याआधी प्रत्येक पान वाचा, अमेरिकेच्या डीएस-१६० या ऑनलाइन व्हिसा अर्जाचं तर प्रत्येक उत्तर. त्यात गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या सोशल मीडिया खात्यांची नावंही विचारतात. आधी एखाद्या देशाने नाकारलं असेल तर ते सांगा. खोटं स्टेटमेंट किंवा खोटं नोकरीपत्र सापडलं तर ब्रिटनचं दार १० वर्षांसाठी बंद होऊ शकतं, अमेरिकेत कायमचं. ‘व्हिसा गॅरंटी’ देण्याचा अधिकार कोणाही एजंटला नाही.

अपॉइंटमेंटचा दिवस

बोटांचे ठसे आणि फोटोसाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं, अमेरिकेचा इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) होतो. देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेस सकाळी पोहोचवते, पण गाडीला उशीर झाला तर अपॉइंटमेंट गेली. वयस्कर माणसं बरोबर असतील तर आदल्या दिवशीच जा.

ठशांची तयारीही करावी लागते. कापूस वेचून बोटांची टोकं चिरलेली असतील, सिमेंटच्या कामाने रेघा झिजल्या असतील किंवा लग्नातली मेंदी उतरली नसेल तर यंत्र ठसा घेत नाही. आठ-दहा दिवस आधीपासून ते काम थांबवा, रात्री हाताला तेल किंवा व्हॅसलीन चोळा. शेंगेनसाठी दिलेले ठसे ५९ महिने वापरले जातात, त्यामुळे पुढच्या वेळी ही फेरी बहुधा वाचते.

इंटरव्ह्यू दोन-तीन मिनिटांचा असतो. इंग्रजी येत नसेल तर मुंबईत मराठीतून बोलता येतं का ते आधीच विचारून ठेवा. मोडक्या इंग्रजीत चुकीचं सांगण्यापेक्षा आपल्या भाषेत नेमकं सांगणं बरं. विचारलं तेवढंच उत्तर द्या. ‘किती एकर?’ असं विचारलं तर ‘बारा एकर, कापूस आणि तूर’ एवढं पुरे. मोबाइल आणि मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत.

नकार आला तर

फी परत मिळत नाही. शेंगेनच्या नकारपत्रावर कारणाच्या चौकटीत खूण असते आणि अपीलही करता येतं. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाला सहसा अपील नसतं, नव्याने अर्ज करावा लागतो. अमेरिकेच्या नकारात ‘२१४ बी’ हे कलम असेल तर त्याचा अर्थ, तुम्ही परत याल हे अधिकाऱ्याला पटलं नाही. कारण दूर न करता तीच फाइल पुन्हा टाकणं म्हणजे फी वाया घालवणं. आधी ती पोकळी भरा, मग जा.

व्हिसा मिळाला तर तिथल्या तिथे स्टिकर वाचा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, तारखा, प्रवेश एकदाच की अनेकदा, आणि राहण्याचे दिवस. शेंगेनमध्ये वैधतेच्या तारखा आणि राहण्याचे दिवस वेगळे असतात. कोणत्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त राहता येत नाही. चूक दिसली तर लगेच कळवा, विमानतळावर ती दुरुस्त होत नाही. निघताना निमंत्रण, हॉटेल, विमा आणि परतीच्या तिकिटाच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीवर त्या मागितल्या जाऊ शकतात.