बासरी घेऊन क्योतोत एक दिवस: नागपूरच्या वादकांसाठी

क्योतोची पानं नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात लाल होतात आणि देवळं माणसांनी भरून जातात. वादकाने हा दिवस कानाच्या हिशेबाने आखावा: शांतता लागते ती ठिकाणं सकाळी, गर्दी चालते ती दुपारनंतर.

तबला, हार्मोनियम घरीच राहू द्या. तिथल्या बसमध्ये मोठं सामान अडचणीचं होतं आणि स्टेशनवरचे मोठे लॉकर सकाळीच भरतात. मधल्या लांबीची बासरी पीव्हीसी पाइपमध्ये, दोन्ही टोकांना सुती कापड कोंबून न्या. निघण्याच्या दोन दिवस आधी आतून मोहरीच्या तेलाचा पातळ हात फिरवा, रात्रभर ठेवून पुसा. संत्री मात्र बॅगेत टाकू नका. ताजी फळं जपानच्या विमानतळावर अडवतात.

नोव्हेंबरात नागपूरची दुपार 30 अंशांच्या आसपास असते, क्योतोची 17च्या. हवा 10 अंशांनी थंड झाली की ध्वनीचा वेग घटतो आणि बासरी साधारण 30 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरते. फुंकीने नळी तापली की सूर पुन्हा चढतो. म्हणून पहिली दहा मिनिटं फक्त खर्जात लांब स्वर धरा, तानपुऱ्याचं अ‍ॅप त्यानंतर लावा. थंड बासरीत एकदम जोरात फुंकू नका: आतून उष्ण, दमट आणि बाहेरून गार, अशा ताणाने बांबू तडकतो. आधी ती जॅकेटच्या आत ठेवून ऊब द्या. अंबाझरीच्या काठी एखाद्या गार पहाटे वाजवून पाहिलंत, तर तुमची बासरी किती उतरते ते आधीच कळेल.

सकाळी 8:45ला निजो किल्ला उघडतो, तेव्हा दारात हजर असा. भुयारी रेल्वेच्या तोझाई मार्गावर निजोजो-माए इथे उतरायचं. निनोमारू महालाचं तिकीटही घ्या, कारण ऐकायचं ते तिथेच आहे. लाकडी जमिनीवर पाऊल पडलं की पक्ष्यासारखी चिवचिव उठते. फळ्यांखालच्या लोखंडी पकडी आणि खिळे एकमेकांवर घासतात, त्याचा हा आवाज. आत फोटो काढायला बंदी आहे आणि बूट बाहेर ठेवावे लागतात, तेव्हा जाड मोजे घाला. घोळका पुढे जाऊ द्या. स्वतःच्या पावलांपेक्षा दहा फूट पुढे चालणाऱ्याचा आवाज जास्त स्वच्छ ऐकू येतो.

मग तोझाईने सान्जो केइहान, तिथून केइहान रेल्वेने देमाचियानागी, पुढे एइझान रेल्वेने तिसरं स्टेशन इचिजोजी. चढावर पंधरा मिनिटं चाललं की एंकोजी हे देऊळ. ऐन हंगामात आधी बुकिंग लागू शकतं, निघण्यापूर्वी तपासा. इथलं सुइकिनकुत्सु या फेरीतली सर्वांत मोलाची गोष्ट. जमिनीत उलटा पुरलेला घडा, वर बारीक भोक, तळाशी थोडं पाणी. थेंब पडतो आणि घडा घुमतो. पाणी ओतायची मुभा असेल तर थोडंसंच ओता. भसाभस ओतलं की धार लागते, सुटे थेंब पडत नाहीत आणि नाद हरवतो. गर्दी ओसरेपर्यंत थांबा, निदान वीस थेंब ऐका.

परत देमाचियानागीला या. इथे ताकानो आणि कामो नद्या मिळतात. काठावर रियाज करा, पण माइक-स्पीकर नको आणि पुढ्यात पैशांसाठी डबाही नको. देवळांच्या आवारात तर वाजवूच नका. शाकाहारी असाल तर खाणं सोबत ठेवा, तिथल्या बहुतेक रश्शांत माशांचं पाणी असतं.

अडीचच्या सुमाराला केइहानने तोफुकुजी हे देऊळ गाठा. विशेष जलद गाडी तिथे थांबत नाही, लोकलच धरा. नोव्हेंबरात आत सोडणं चारला बंद होतं. जवळच म्योआनजी आहे, शाकुहाची ही जपानी बांबूची बासरी वाजवत फिरणाऱ्या फुके पंथाच्या भिक्षूंची परंपरा सांगणारं देऊळ. तो पंथ 1871मध्ये सरकारने बंद केला, वादन मात्र टिकलं. प्रमाण शाकुहाची सुमारे 54.5 सेंटिमीटर लांब असते आणि तिला पाचच छिद्रं: चार पुढे, एक मागे. कुठे ऐकायला मिळाली तर मान हलवून काढलेल्या मींडीकडे लक्ष द्या. आपण ती बोटांनी घेतो.

पावणेपाचला सूर्य मावळतो आणि गारठा झपाट्याने वाढतो. बासरी त्याआधी आतून कोरडी करून पाइपमध्ये ठेवा. खोलीवर गेल्यावर तासभर पाइप उघडू नका आणि हीटरपासून लांब ठेवा.