कॉन्फिग बदललं, पॉड मात्र जुन्यावरच: टेराफॉर्ममधून कुबरनेटीसचं कॉन्फिग कसं सांभाळावं

कुबरनेटीसचं (कंटेनरमधली अ‍ॅप चालवणारी प्रणाली) क्लस्टर उभं आहे, टेराफॉर्म (इन्फ्रास्ट्रक्चर कोडमधून उभं करणारं साधन) बसवलंय, कोड गिटमध्ये आहे, एवढं गृहीत धरतो.

आधी कॉन्फिगची मूल्यं वेगळी काढा. डेव्ह, स्टेजिंग, प्रॉडक्शनसाठी प्रत्येकी एक व्हेरिएबल फाइल. इमेज (अ‍ॅपचं तयार पॅकेज) तिन्हीकडे तीच.

स्टेट फाइल, म्हणजे टेराफॉर्मने काय उभं केलंय याची नोंद, लॅपटॉपवर ठेवू नका. आम्ही ती एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमधल्या एस-थ्री बकेटमध्ये (क्लाउड स्टोरेजमध्ये) ठेवतो. एन्क्रिप्शन, व्हर्जनिंग, लॉकिंग तिन्ही चालू. व्हेरिएबलला 'सेन्सिटिव्ह' म्हटलं की पासवर्ड फक्त स्क्रीनवर झाकला जातो, स्टेटमध्ये तो उघडाच पडलेला असतो. कुबरनेटीसच्या सीक्रेटमधलं बेस-६४ म्हणजेही एन्क्रिप्शन नव्हे.

आता खरं दुखणं. समजा पवईतल्या टीमने पेमेंट सेवेचा टाइमआउट ५ सेकंदांवरून १५ केला. अप्लाय (टेराफॉर्मने बदल लागू करणं) व्यवस्थित झाला, मंडळी लोकल पकडायला निघाली, आणि पॉड, म्हणजे अ‍ॅपचे चालू कंटेनर, अजून ५ वरच आहेत. कॉन्फिगमॅपमधलं (कुबरनेटीस कॉन्फिगची मूल्यं जिथे ठेवतं) मूल्य एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून दिलं असेल, तर ते कंटेनर सुरू होतानाच वाचलं जातं. व्हॉल्यूम म्हणून माउंट केलेली फाइल थोड्या वेळाने बदलते. सबपाथने (व्हॉल्यूममधली एखादीच फाइल निवडून) माउंट केलेली मात्र तीही बदलत नाही. शिवाय फाइल बदलली तरी अ‍ॅप ती पुन्हा वाचेलच असं नाही. त्यामुळे 'थांबा, आपोआप येईल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

सगळेच पॉड जुन्या मूल्यावर राहिले तर एक वेळ परवडेल. पण रात्री ट्रॅफिक वाढून ऑटोस्केलरने दोन नवे पॉड उभे केले की ते १५ वाचतात, बाकीचे ५ वरच. एकच सेवा दोन तऱ्हांनी वागते आणि लॉग चाळणाऱ्याला काही थांगपत्ता लागत नाही. 'रोलआउट रीस्टार्ट मारून टाक', म्हणजे कमांड देऊन पॉड नव्याने सुरू कर, हा सल्लाही मला मान्य नाही. हाताने करायची पायरी कोणीतरी कधीतरी विसरणारच.

उपाय एकच: कॉन्फिगमॅपच्या डेटाचा शा-२५६ हॅश (डेटा बदलला की बदलणारा ठसा) काढा आणि तो डिप्लॉयमेंटमध्ये (पॉड कसे चालवायचे याची व्याख्या) अ‍ॅनोटेशन, म्हणजे जोडलेली टीप, म्हणून लावा. इथे नीट लक्ष द्या. हे अ‍ॅनोटेशन डिप्लॉयमेंटच्या वरच्या मेटाडेटात नाही, आतल्या पॉड टेम्पलेटच्या मेटाडेटात गेलं पाहिजे, कारण टेम्पलेट बदललं तरच कुबरनेटीस नवे पॉड उभे करतं. वर लावलंत तर प्लॅनमध्ये (टेराफॉर्म आधी दाखवतं ती बदलांची यादी) बदल दिसेल, पण एकही पॉड हलणार नाही. हॅश थेट कॉन्फिगमॅप रिसोर्सवरूनच काढा, म्हणजे टेराफॉर्म आधी कॉन्फिगमॅप बदलेल आणि मग डिप्लॉयमेंट. टेराफॉर्मऐवजी कस्टमाइझ (कुबरनेटीसच्या फाइली तयार करणारं साधन) वापरत असाल तर त्याचा कॉन्फिगमॅप जनरेटर नावालाच हॅश जोडतो, वेगळं काही करायला नको.

प्लॅन पुल रिक्वेस्टमध्ये वाचा, अप्लाय फक्त पाइपलाइनमधून. नंतर पॉडमध्ये जाऊन मूल्य डोळ्यांनी बघा.

मागे फिरायचं झालं तर 'रोलआउट अनडू' (डिप्लॉयमेंटचं जुनं टेम्पलेट परत आणणारी कमांड) करू नका. कॉन्फिगमॅपचं नाव तेच असल्याने जुनं टेम्पलेटही नवंच मूल्य उचलेल. कमिट रिव्हर्ट करा आणि पुन्हा अप्लाय करा.