लोकलच्या गर्दीत जीव घाबरला तर

छाती धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, दरवाजा गाठावासा वाटतो. अशा वेळी लोक ‘मोठा श्वास घे’ म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या आणि चक्कर आणखी वाढतात. भर श्वास सोडण्यावर द्या. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून सहा मोजत सोडा. खांदे वर जात असतील तर श्वास छातीतच अडकतोय. बॅग पोटाशी धरा, ती हलली पाहिजे. तीन-चार मिनिटं तरी करा. घाबरण्याचा हा झटका (पॅनिक अटॅक) साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचून ओसरू लागतो.

उतरावंसं वाटलं तर उतरा, बाकावर बसा, पण शक्यतो पुढची गाडी पकडा. घरी परतलात की भीती पक्की होते. काही दिवस फास्टऐवजी स्लो लोकल बरी, स्टेशनं जवळजवळ येतात.

पहिल्यांदाच होत असेल, किंवा छातीतली कळ हातात-जबड्यात जात असेल, तर श्वास मोजत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा. वारंवार होत असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.