शोकसभेनंतरचे काम : दिवंगत विद्वानाच्या कार्याची नोंद कशी करावी

नागपुरात एखादे ज्येष्ठ प्राध्यापक किंवा संशोधक निवर्तले की पहिल्या आठवड्यात काय घडते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. वर्तमानपत्रात छायाचित्रासह बातमी येते, महाविद्यालयात शोकसभा होते, शोकप्रस्ताव संमत होतो, दोन मिनिटे मौन पाळले जाते आणि बोलणाऱ्यांपैकी बरेच जण दिवंगतांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांच्या घरी घेतलेल्या चहाविषयीच अधिक बोलतात. त्यात वावगे काही नाही, कारण दुःखाच्या प्रसंगी माणूस आधी असाच आठवतो. प्रश्न त्यानंतरचा आहे. काही वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याला या विद्वानाने नेमके काय सिद्ध केले, कोठे लिहिले आणि ते आज कोठे वाचायला मिळेल हे शोधायचे असले, तर ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ या शब्दांतून त्याच्या हाती काहीच लागत नाही. ज्या माजी विद्यार्थ्यावर, सहकाऱ्यावर किंवा कुटुंबीयावर हे काम येऊन पडते, त्याच्यासाठी पुढील सूचना आहेत. स्मृतिग्रंथ, व्याख्यानमाला आणि पुरस्कार यांचा विचार लेखनसूची तयार झाल्यावरच करावा, असा माझा आग्रह आहे.

आधी अभ्यासिका

तेरवी होईपर्यंत, किंवा बौद्ध कुटुंब असल्यास पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होईपर्यंत, कागदपत्रांचा विषय काढू नये. मात्र घरातील एका जबाबदार व्यक्तीला एवढे सांगून ठेवावे की अभ्यासिकेतील काहीही रद्दीत देऊ नका. मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात असतात, त्यांची रजा संपत आलेली असते, आणि घर आवरण्याच्या घाईत जे प्रथम बाहेर जाते ते बहुधा सर्वांत मोलाचे असते. छापील पुस्तके कोणीतरी ठेवून घेतोच. नाहीशी होतात ती टिपणांच्या वह्या, पाकिटांच्या पाठीवर उतरवून घेतलेले संदर्भ, कात्रणे आणि मुद्रितशोधनाचे कागद.

अभ्यासिकेत काहीही हलवण्यापूर्वी प्रत्येक कपाटाची, कप्प्याची आणि टेबलाची छायाचित्रे घ्यावीत. विद्वानाने कागद ज्या क्रमाने ठेवले, तो क्रमही माहितीच असतो. एकाच फाइलमध्ये एखाद्या ताम्रपटाचा ठसा, त्याविषयी आलेले निळे आंतर्देशीय पत्र आणि लेखाचा पहिला खर्डा असेल, तर त्या तिन्हींचा संबंध त्या फाइलमुळेच कळतो. पत्रे पत्रांत आणि खर्डे खर्ड्यांत लावून टाकले की तो तुटतो. गंजलेल्या टाचण्या आणि चिकटलेले रबरबँड हलक्या हाताने काढावेत, पण फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात पोटमाळ्यावरचा कागद इतका वाळतो की घडी उलगडताच तुटतो, आणि पावसाळ्यात त्याच पोटमाळ्यावर वाळवी आणि कसर लागते. म्हणून खोकी जमिनीपासून वर, भिंतीपासून थोडी दूर आणि कूलरच्या ओलाव्यापासून लांब ठेवावीत.

पुस्तके वेगळी करतानाही पाने चाळल्याशिवाय एकही पुस्तक देऊन टाकू नये. समासात पेन्सिलीने लिहिलेले ‘हे चूक’, ‘पाहा ताम्रपट’ असे दोन शब्द पुढील संशोधकाला एखाद्या लेखाइतके उपयोगी पडू शकतात. संशोधकाची प्रत आणि दुकानातील प्रत यांत फरक असतो तो एवढाच.

मागे राहिलेल्या कागदांचे काय होऊ शकते, याचे उदाहरण नागपूरच्याच इतिहासात आहे. स्टीफन हिस्लॉप हे धर्मोपदेशक आणि भूगर्भाचे अभ्यासक 1863 साली टाकळघाटजवळ नदी ओलांडताना बुडून मरण पावले. मध्य प्रांतातील आदिवासी समाजांविषयी त्यांनी जमवलेली टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून 1866 साली प्रसिद्ध केली, म्हणूनच ती आज वाचता येतात. हिस्लॉप यांचे नाव शहरातील महाविद्यालयाला आहे आणि एका खनिजालाही आहे. पण त्यांनी काय पाहिले आणि ऐकले ते कळते त्या संपादित कागदांमुळेच.

संगणकातील कागदांकडे तितकेच लक्ष द्यावे. 1990 नंतर लिहिणाऱ्या बहुतेक मराठी प्राध्यापकांच्या फायली श्रीलिपी, आयएसएम किंवा तत्सम जुन्या टंकांत असतात आणि नव्या संगणकावर उघडल्या तर निरर्थक अक्षरांची रांग दिसते. अशी फाइल बिघडलेली समजून पुसू नये. मूळ फाइल तशीच ठेवून तिची एक प्रत युनिकोडमध्ये रूपांतरित करावी, आणि जोडाक्षरे तपासल्याशिवाय ती छापायला देऊ नये, कारण रूपांतरात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास जागा सोडतात.

लेखनसूची

बहुतेक घरांत दिवंगतांचा एखादा बायोडाटा सापडतो. तो आरंभासाठी घ्यावा, पण त्यावर विसंबू नये. बायोडाटा पदोन्नतीसाठी किंवा एखाद्या समितीसाठी केलेला असतो, त्यामुळे त्यात परिषदांची हजेरी भरपूर असते आणि दिवाळी अंकातील उत्तम लेख वगळलेले असतात. सूचीत पुस्तके, शोधनिबंध, संपादने, भाषांतरे, ग्रंथपरीक्षणे, कोशांतील नोंदी, इतरांच्या पुस्तकांना लिहिलेल्या प्रस्तावना आणि वर्तमानपत्रांतील लेखन हे सर्व यावे. प्रस्तावना विशेष काळजीने शोधाव्यात. काही विद्वानांची सर्वांत मोकळी मते तेथेच सापडतात.

प्रत्येक नोंद प्रत्यक्ष अंक किंवा पुस्तक हातात घेऊन करावी, आणि जी तशी करता आली नाही तिच्यापुढे खूण करावी. जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा शक वर्ष असते. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात 78 आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत 79 मिळवले की इसवी सन येतो; महिना माहीत नसेल तर दोन्ही वर्षे लिहावीत. जन्मतारखेबाबतही सावध राहावे. त्या पिढीतील अनेकांच्या दाखल्यांवर 1 जून ही तारीख आढळते, आणि ती पुष्कळदा शाळेत नाव घालताना गुरुजींनीच टाकलेली असते. विवाहापूर्वी आणि विवाहानंतर वेगवेगळ्या नावांनी लिहिणाऱ्या विदुषींची दोन्ही नावे सूचीत एकत्र आली नाहीत, तर त्यांचे आरंभीचे संशोधन दुसऱ्याच कोणाच्या नावावर राहून जाते. हा प्रमाद आपल्याकडे फार होतो.

प्रकाशनस्थळ आणि प्रकाशक टाळू नयेत, कारण त्यांतूनही इतिहास उलगडतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचा वाकाटक या विदर्भातील प्राचीन राजघराण्याच्या कोरीव लेखांचा इंग्रजी ग्रंथ ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’ या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेचा पाचवा खंड म्हणून 1963 साली उटकमंडहून निघाला. नागपूरच्या विद्वानाचा ग्रंथ निलगिरीच्या डोंगरावरून का निघावा, असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो. सरकारी पुराभिलेखज्ञांचे, म्हणजे कोरीव लेखांच्या तज्ज्ञांचे, कार्यालय त्या काळी तेथे होते, हे कळले की एका नोंदीतून त्या संशोधनामागची यंत्रणा दिसू लागते. मिराशींनी स्वतःचे विखुरलेले मराठी लेख ‘संशोधन मुक्तावलि’च्या एकेका सरात गुंफून ठेवले, त्यामुळे त्यांच्या सूचीकाराचे काम हलके झाले. बहुतेकांनी तसे केलेले नसते.

आणखी दोन ठिकाणे सहसा कोणी पाहत नाही. पहिले म्हणजे त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले शोधप्रबंध. अलीकडचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मिळतात, जुने मात्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊनच पाहावे लागतात. केवळ शीर्षके उतरवून थांबू नये. प्रत्येक प्रबंधाचा ऋणनिर्देश वाचावा. दुसऱ्याच मार्गदर्शकाचे विद्यार्थी जेव्हा ‘हस्तलिखित वाचायला सरांनी शिकवले’ किंवा ‘मॅडमनी आपली टिपणे वापरू दिली’ असे लिहितात, तेव्हा ते योगदान कोणत्याही सेवापुस्तिकेत नोंदलेले नसते. दुसरे ठिकाण म्हणजे अभ्यासमंडळांची इतिवृत्ते आणि जुने अभ्यासक्रम. एखादा विषय पदव्युत्तर वर्गात कोणामुळे आला हे तेथे कळते. वर्गात शिकवणे हेच ज्यांचे मुख्य कार्य होते आणि ज्यांनी लिहिले थोडे, अशा शिक्षकांची स्मृती तर याच कागदांवर उभी करावी लागते.

लेख लिहिताना

सूची हाताशी आली की स्मृतिलेख लिहिणे पुष्कळ सोपे होते, कारण विशेषणांची गरज उरत नाही. ‘प्रकांड पंडित’ आणि ‘व्यासंगी’ हे शब्द खोडून त्या जागी त्यांनी काय केले ते लिहून पाहावे. पहिल्या परिच्छेदात पदांची जंत्री देण्याची सवयही सोडावी. वि. भि. कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते, भोपाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे खरेच. पण महानुभाव वाङ्मयाचा अभ्यासक त्यांच्याकडे आजही वळतो तो त्यांनी संपादित केलेल्या आणि 1978 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लीळाचरित्रा’साठी. पद सांगायचेच तर ते कार्यानंतर, एका वाक्यात सांगावे. पदे कालांतराने नुसती यादी होऊन बसतात.

विद्वानाचे एखादे मत नंतरच्या संशोधनात मागे पडले असेल, तर ते लपवू नये, हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सर्वाधिक टाळला जातो. वाकाटकांची प्रवरपूर ही राजधानी म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार, असे मिराशींचे प्रतिपादन होते. पुढे रामटेकजवळ मनसर येथे उत्खनन झाले आणि प्रवरपूर मनसरला असावे, असे मत काही संशोधकांनी मांडले. आता मिराशींवर लिहिणाऱ्याने पवनारचा उल्लेखच गाळणे किंवा मनसरचे मत ठाऊक नसल्यासारखे लिहिणे, हे दोन्ही त्यांच्या शिस्तीला शोभणारे नाही. कोणत्या ताम्रपटांच्या आणि कोणत्या अवशेषांच्या आधारे त्यांनी तो निष्कर्ष काढला, नंतर कोणता पुरावा समोर आला, आणि त्यांनी वाचून प्रसिद्ध केलेले कोरीव लेखच आजच्या वादातही दोन्ही बाजूंना कसे लागतात, असे लिहिले तर वाचकाला त्यांच्या कामाचे खरे माप कळते. नवी मते मांडणाऱ्यांनाही मिराशींच्या वाचनावरच उभे राहावे लागते, यापेक्षा मोठा गौरव कोणता लिहिणार?

आठवणी घ्याव्यात, पण निवडून घ्याव्यात. काम करण्याची रीत जिच्यातून दिसते ती आठवण ठेवावी. स्वभाव तापट होता की मृदू, एवढेच सांगणारी सोडून द्यावी. आठवणी सांगणारे सहकारीही वयोवृद्ध असतात, म्हणून त्यांच्याकडे लेखी मजकुराची वाट पाहत बसू नये. फोनवर वेळ ठरवून, सकाळी, दिवंगतांचे एखादे पुस्तक किंवा जुना गटफोटो सोबत घेऊन जावे आणि परवानगीने ध्वनिमुद्रण करावे. छायाचित्रातील व्यक्तींची नावे त्याच बैठकीत, डावीकडून उजवीकडे, मागे पेन्सिलीने लिहून घ्यावीत.

हक्क, प्रती आणि बाकीचे

अप्रकाशित लेखन छापण्यापूर्वी वारसांची लेखी संमती घ्यावी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतात, म्हणजे 1985 साली निवर्तलेल्या लेखकाने हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरील हक्क 2045 च्या अखेरपर्यंत चालतात. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होणाऱ्या लेखनाची आणि सरकारी प्रकाशनांची 60 वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. पत्रांबाबत नेहमी गोंधळ होतो. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा असतो, मजकुरावरील हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि पुढे त्याच्या वारसांचा असतो.

ग्रंथसंग्रह आणि कागद कोठे द्यावेत, हे विषयावरून ठरवावे. इतिहास आणि पुराभिलेखांसाठी विदर्भ संशोधन मंडळाकडे, साहित्यासाठी विदर्भ साहित्य संघाकडे, संस्कृतसाठी रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठाकडे किंवा ज्या विभागात त्यांनी शिकवले तेथे विचारणा करता येते. यादी केल्याशिवाय काहीही हवाली करू नये, आणि संग्रह एकत्र ठेवणार की सर्वसाधारण पुस्तकांत मिसळणार, वाचकांना केव्हा पाहता येणार, हे कागदावर लिहून घ्यावे. देणगी स्वीकारतानाचा हारतुऱ्यांचा समारंभ नाही झाला तरी चालेल, पोच मात्र हवी.

व्याख्यानमाला सुरू करायची असेल तर ठेव किती आहे आणि तिच्या व्याजातून वक्त्याचा प्रवासखर्च निघतो का, हे आधी पाहावे. विषय दिवंगतांच्या क्षेत्रातलाच ठेवावा आणि व्याख्यान छापावे. इतके जमणार नसेल तर व्याख्यानमालेपेक्षा त्यांच्या दुर्मीळ झालेल्या एखाद्या पुस्तकाची पुन्हा आवृत्ती काढण्यावर पैसे खर्च करावेत.

सूचीची पहिली आवृत्ती पहिल्या पुण्यतिथीला, अपुरी असली तरी, प्रसिद्ध करावी. तिच्यावर तारीख, संकलकाचे नाव आणि दुरुस्त्या कोणत्या पत्त्यावर पाठवाव्यात हे छापावे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, विभागात आणि कुटुंबाकडे एकेक प्रत द्यावी, आणि खूण केलेल्या न पाहिलेल्या नोंदींचा वेगळा कागद तिला जोडावा, म्हणजे जुने अंक हाती येणारा कोणीही त्यांतील एखादी नोंद पूर्ण करून कळवू शकेल.