सलाइनची बाटली आणि ०.५२ चा आकडा

बी. फार्म.ला (औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला) असताना ०.५२ हा आकडा मी नुसता पाठ केला होता. रक्त आणि अश्रू उणे ०.५२ अंशाला गोठतात, ०.९ टक्के मिठाचं पाणी, म्हणजे सलाइन, तेही तिथेच गोठतं, म्हणून ते आयसोटॉनिक, म्हणजे रक्ताच्या तोडीचं. लेखी पेपरला एवढं पुरतं. व्हायवाला बाहेरून आलेले सर म्हणाले, "आता हाच आकडा गणितानं काढून दाखव."

लिटरला ९ ग्रॅम मीठ, रेणुभार ५८.४४, म्हणजे ०.१५४ मोल (मोल हे कण मोजायचं एकक). सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात म्हणून दुप्पट, ०.३०८. गुणिले पाण्याचा स्थिरांक १.८६ (किलोभर पाण्यात एक मोल कण विरघळले की गोठणबिंदू इतके अंश उतरतो). उत्तर आलं ०.५७! मी तीनदा गुणाकार तपासला. गुणाकार बरोबर होता, 'दुप्पट' धरणं चुकलं होतं. आयन एकमेकांना ओढत राहतात, पुरते सुटे वागत नाहीत. २ च्या जागी १.८ च्या जरा वरचा आकडा घ्यावा लागतो.

मग आपण गोठणबिंदूच का मोजतो? मूळ घटना तर बाष्पदाबाची आहे. मीठ विरघळलं की पाण्याचे रेणू कमी निसटतात, बाष्पदाब उतरतो आणि त्यापायीच गोठणबिंदूही खाली सरकतो. पण २५ अंशाला शुद्ध पाण्याचा बाष्पदाब पाऱ्याचे २३.८ मिलिमीटर, आणि सलाइनमध्ये तो घटतो जेमतेम ०.१२ मिलिमीटरनं. उत्कलनबिंदू वाढतो ०.१५ अंशानं, शिवाय उकळल्यावर कित्येक औषधं बिघडतात. त्या मानानं गोठणबिंदूतला अर्ध्या अंशाचा फरक सहज हाती लागतो.

हे एकदा समजलं की औषधाचं द्रावण आयसोटॉनिक करायचं सूत्र घोकावं लागत नाही. १ टक्का प्रोकेन हायड्रोक्लोराइड (बधिर करणारं औषध) गोठणबिंदू ०.१२२ नं उतरवतं. ०.५२ पर्यंत पोचायला ०.३९८ उरले. १ टक्का मीठ ०.५७६ नं उतरवतं, म्हणून ०.६९ टक्के मीठ घाला. सोडियम क्लोराइड इक्विव्हॅलंटच्या रीतीनंही (१ ग्रॅम औषध किती ग्रॅम मिठाइतकं काम करतं, प्रोकेनसाठी ०.२१) करून पाहा: ०.९ वजा ०.२१, पुन्हा ०.६९. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

बोरिक ॲसिडपाशी मात्र सावध राहा. त्याचं १.९ टक्के द्रावण गोठणबिंदूच्या हिशेबात चोख बसतं आणि डोळ्याला चालतं; पण ते लाल पेशींच्या पडद्यातून आत शिरतं आणि पेशी फुटतात. गोठणबिंदूला पेशीचा पडदा दिसत नाही.

पुढे क्यूसीत (औषधांचा दर्जा तपासणाऱ्या विभागात) लागले आणि ऑस्मोमीटर हाताशी आला, म्हणजे गोठणबिंदूवरून द्रावणातले कण मोजणारं यंत्र. नमुना न गोठवता शून्याखाली नेतात, मग हलकासा धक्का देतात. बर्फ धरताना बाहेर पडलेल्या उष्णतेनं तापमान चढून एका जागी थांबतं, तोच गोठणबिंदू. नळीत बुडबुडा राहिला की रीडिंग भरकटतं, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. बुडबुडा नसतानाही एकदा सलाइनचं रीडिंग २८६ मिलिऑस्मोल (कणांच्या मोलचे हजारावे भाग) आलं आणि बाटलीवर छापलेलं होतं ३०८. शेजारचा ट्रेनी मशीन बिघडलं म्हणून तक्रार लिहायला निघाला होता. मी त्याला थांबवलं, कागद पुढे केला आणि म्हटलं, "आधी ९ ग्रॅम मिठाचे मोल काढ."